सव्वा मूठ

छगन युगांडातून परत येऊन पंधरवडा उलटला होता, आणि तेवढ्यात तिथल्या दोस्ताचं, वास्वाचं नाव त्याच्या तोंडून जितक्यांदा निघालं तितक्यांदा मारुतीच्या देवळातली घंटाही वाजली नसेल. दात घासताना वास्वा, विहिरीवर वास्वा, जेवताना वास्वा. वास्वा असं म्हणतो, वास्वाकडे अशी पद्धत आहे, वास्वा असता तर मोटेचं हे अडकलेलं चाक कधीच सुटलं असतं. गावाला आधी मौज वाटली. मग गाव कंटाळलं आणि आपल्या निंदणीला लागलं. तापीबाई तेवढी कंटाळली नाही, कारण कंटाळायला आधी ऐकून सोडून द्यावं लागतं, आणि तिनं त्यातलं एक अक्षर सोडलं नव्हतं.

तापीबाई ही छगनच्या थोरल्या भावाची, नथ्थूची बायको. ती या घरात नवरी होऊन आली तेव्हा छगन भिंतीला धरून चालत होता, आणि त्याच वर्षी सासू गेली. सासूच्या हाताखाली वागायचं म्हणून माहेरच्यांनी तिला चार गोष्टी शिकवून धाडलं होतं, त्या सगळ्या फुकट गेल्या. सासू मिळालीच नाही, मिळालं ते नाक गळणारं पोर. तिनं त्याला न्हाऊ घातलं, गोवरात राखलं, शाळेला पळवलं, शाळेतून पळाला तेव्हा बदडलं. स्वतःला एक लेक झाली, ती लग्न होऊन गेली. मुलगा झाला नाही आणि त्याचं तिनं कधी दुःखही केलं नाही, कारण छगन होता. तो तिला भाबी म्हणायचा. सगळेच दीर म्हणतात, त्यात काही विशेष नव्हतं.

पुढे छगन नंदुरबारच्या जिनिंगमध्ये फिटर झाला. सरकी काढायच्या यंत्राला त्याचा हात असा बसला की एका गुजराती शेठनं त्याला आपल्या युगांडातल्या जिनिंगवर बोलावून घेतलं. मुंबईहून बोट, मग रेल्वे, आणि मग जिंजा नावाचं गाव, जिथं मोठ्या तळ्यातून नाईल नदी बाहेर पडते. जाताना छगन रडला होता. तापीबाईला ते रडणं चार वर्षं पुरलं.

आणि आता हा हसत परत आला होता. काळवंडला होता, अंगानं भरला होता, आणि बोलायला लागला की थांबत नव्हता. तिथं रोज दुपारी पाऊस येतो म्हणे, आणि लगेच ऊन. माती शेंदरासारखी लाल. जिनिंगच्या आवारात हिंदुस्थानी फिटरांच्या खोल्या वेगळ्या आणि तिथल्या लोकांच्या झोपड्या दूर, एकमेकांकडे जायची रीत नाही. पण बॉयलरवरच्या वास्वाची सायकल एकदा छगननं नीट करून दिली, आणि तिथून दोघं दर रविवारी त्याच एका सायकलवर बसून मुलूख पालथा घालायला लागले. तळ्यावर मासे पकडणाऱ्यांत बसले, पाणघोडे बघायला गेले, उसाच्या मळ्यांतून वाट चुकले. तिथं नुसतं राम राम म्हणून भागत नाही, असं छगन सांगायचा. घर कसं आहे, पोरं कशी आहेत, शेत कसं आहे, असं सगळं विचारून होईपर्यंत माणूस पुढे जात नाही. बायका तर गुडघे टेकून विचारतात.

हे ऐकताना बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे तळं येई. तापीबाईच्या डोळ्यांपुढे ती एक सायकल येई, आणि तिच्यावर मागं बसलेला आपला पोरगा.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मात्र कहर झाला. छगन मळ्यात गेला आणि केळीचा एक घड हिरवाच तोडून घरी घेऊन आला. अजून महिनाभर झाडावर राहायला हवा होता तो. नथ्थूनं दुसऱ्या कुणाला त्यासाठी बांधावर उभं करून ऐकवलं असतं, पण भाऊ इतक्या लांबून आलेला, म्हणून त्यानं तंबाखू मळली आणि गप्प बसला. छगननं चुलीपुढची जागा बळकावली. केळी सोलली, केळीच्याच पानांत बांधली, भांड्यात पाणी घालून वाफवली आणि पानावरूनच दाबून दाबून त्यांचा पिवळा गोळा केला. त्याला मटोके म्हणतात, आणि तिथली माणसं आपण भाकरी खातो तसं ते खातात. छगनची बहीण रंजनाबाई खांडबाऱ्याहून कानबाईच्या सणासाठी आली होती. तिनं मिरचीच्या ठेच्याबरोबर तो गोळा खाल्ला आणि बरा आहे म्हणाली.

तापीबाईनं उपास सांगितला. रंजनाबाईनं कसला उपास म्हणून विचारलं, तर आजचाच म्हणाली.

छगननं घास घेतला, जरा थांबला आणि मान हलवली. "मन्ही मायना हातनी चव नही उनी," तो म्हणाला.

कुठल्या आईच्या हातची चव, म्हणून सगळे त्याच्याकडे बघायला लागले. छगनची आई त्याला आठवतसुद्धा नव्हती. मग त्यानं सांगितलं, वास्वाची आई. तिला नाव घेऊन कुणी हाक मारत नाही, नालोंगो म्हणतात, म्हणजे जुळ्यांची आई. मोठ्या मानाचा शब्द आहे तो तिथं. जुळ्यांतला आधीचा तो वास्वा, आणि पाठचा काटो. तो काटो लहानपणीच वारला. आता नालोंगो छगनलाच काटो म्हणते, आणि छगन तिला माय म्हणतो.

रंजनाबाई हसत म्हणाली की नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, आमच्या आत्याला न विचारता हे बारसं कुणी उरकलं. सगळे हसले. तापीबाईही हसली, आणि उठून गोठ्यात गेली. तिथं म्हशीपुढे चारा होता तरी तिनं आणखी टाकला. आपल्याला जळफळाट झालाय हे तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. पण ज्या बाईनं त्याचा गोवर पाहिला नाही, ज्या बाईला त्याची भाषा येत नाही, ती माय झाली, आणि आपण सबंध जन्म भाबीच. तिच्या मनात आलं, म्हातारे, तुला एक सोडून जुळी झाली होती, माझ्या एकुलत्या एकावर कशाला डोळा ठेवलास. मेलेल्या पोराच्या आईबद्दल असं मनात आणू नये, हेही तिच्या मनात आलं, पण ते नंतर.

त्या दिवसापासून घरात दोन फळ्या पडल्या. रंजनाबाई भावाच्या बाजूची. नथ्थूचा चुलतभाऊ धुडकू तर छगनच्या गळ्यातलाच ताईत झाला. वास्वाच्या गोष्टी तो पुन्हा पुन्हा सांगायला लावी, आणि शेवटी म्हणे, अशा देशाला परत न जाणारा माणूस खुळाच. धुडकूचं कारण उघड होतं. छगनच्या वाट्याचं नदीकाठचं रान चार वर्षं तोच करत होता आणि ते सोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. नथ्थू कुणाच्याच बाजूला नव्हता. त्याला विचारलं तर तो पाऊस कमी झालाय म्हणायचा.

आणि छगन जाणारच होता. दसऱ्याच्या सुमारास युगांडा स्वतंत्र होणार, झेंडा चढणार. आपल्या गावात झेंडा चढला तेव्हा शाळेत साखर वाटली होती, ते छगननं वास्वाला सांगितलं होतं. त्यावर वास्वा म्हणाला होता, तुमचा तू पाहिलास, आमचा माझ्याजवळ उभा राहून पाहा. भाद्रपदातल्या बोटीनं निघायचं छगननं ठरवून टाकलं होतं. परत कधी येणार, हे तापीबाईनं विचारलं नाही. चार वर्षांत हसायला शिकलेला पोरगा आणखी चार वर्षांत काय शिकेल, याचंच तिला भय होतं.

शनिवारी रोटाचे गहू मोजायला भाऊबंद नथ्थूच्या ओसरीवर जमले. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आपल्या खानदेशात कानबाई बसते, आणि तिच्या पुरणपोळ्यांचे गहू भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ मोजून घ्यायचे असतात. म्हातारा असो की पाळण्यातला, घरी असो की परमुलखात, तो जिता आहे तोवर त्याची मूठ पडते. त्या पोळ्या घरच्यांनीच खायच्या. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा त्यातला घास मिळत नाही. उरलं तर नदीत सोडतात, परक्याच्या ताटात पडू देत नाहीत.

मोजायचा मान धुडकूच्या आईचा, जमनाबाईचा. पण तिचा हात कापू लागल्यापासून ती नुसती पाटावर बसून नावं सांगे आणि मूठ तापीबाई घाले. बायांची मूठ नसतेच, त्यामुळे इतकी वर्षं सगळ्यांची मोजणाऱ्या तापीबाईची स्वतःची कधी पडली नव्हती. तिला ते कधी खुपलंही नव्हतं. आपला हात आहे ना त्यात, एवढं तिला पुरे होतं.

नथ्थूची पडली. धुडकूची पडली, त्याच्या पोरांची पडली. जमनाबाईनं छगनचं नाव घेतलं, तसा छगन पुढे सरकला.

"भाबी," तो म्हणाला, "मन्हासंगे वास्वानी बी एक घाल."

पहिली उसळली ती रंजनाबाई. कालपर्यंत भावाच्या बाजूची असलेली ती एका वाक्यात तापीबाईच्या शेजारी येऊन बसली.

"मी ह्याच घरमा जल्मनू," ती म्हणाली. "मन्हं लगीन व्हयनं, तशी मी परकी. बाहेर बसस, तुम्हनं खानं देखस. आनि कोन कोठला वास्वा, त्यानी मूठ?"

तिचा आवाज चिरकला. इतकी वर्षं ती ओसरीच्या कडेला बसून हसतखेळत भाऊबंदांना वाढताना पाहत होती, आणि तिच्या मनात हे असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. छगन तिची समजूत घालायला वळला, तर तिनं तोंड फिरवलं. धुडकूनं मध्ये पडून म्हटलं की भाऊबंदकी काय, मानली तर असते. जमनाबाई लेकावर ओरडली की तू मोठा मानणारा, बापाच्या श्राद्धाला बाजार करत फिरत होतास. नथ्थूनं पाऊस कमी झाल्याचं सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

तापीबाईनं उचललेली मूठ टोपल्यावर तशीच धरली होती. ती मूठ छगनची होती. ती तिनं परत पोत्यात सोडली.

"पुढलं नाव सांगा," ती जमनाबाईला म्हणाली.

जमनाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. जित्या माणसाची मूठ चुकवणं म्हणजे त्याला घरातून मेला म्हणण्यासारखं. भाऊबंदांत भांडणं होतात, डोकी फुटतात, कोर्टकचेऱ्या होतात, पण रोटाची मूठ कुणी कुणाची चुकवत नाही.

"छगननी ऱ्हायनी," जमनाबाई म्हणाली.

"ज्याले तठे माय शे, भाऊ शे, त्यानी मूठ तठे पडी." तापीबाई शांतपणे म्हणाली. "दोन घरनं कोनी जेवस का?"

नथ्थू उठून उभा राहिला. आयुष्यात त्यानं बायकोला चारचौघांत काही सांगितलं नव्हतं. "घाल त्यानी मूठ," तो म्हणाला. तिनं घातली नाही. धुडकू मात्र हळूच म्हणाला की भाबीचं खरं आहे, पोराचा जीव तिकडेच आहे, जाऊ द्यावं त्याला. आणि बोलता बोलता तो घसरला. मागेही असाच घोळ झाला होता, असं म्हणाला. ज्या साली छगनचं सहा सहा महिने काही कळत नव्हतं, त्या साली मी म्हटलं होतं, एवढ्या साली मूठ राहू द्या, काय झालं असेल कोण जाणे, उगाच मेलेल्याची मूठ रोटात नको. तर हीच भाबी टोपल्यावर आडवी पडली होती.

छगननं मान वर केली. "कोन्ता साल?"

धुडकूनं सांगितलं. तसा छगन तापीबाईसमोर जमिनीवर बसला, आणि इतके दिवस जे त्यानं सांगितलं नव्हतं ते सांगायला लागला.

त्या सालीच त्याला ताप भरला होता. काळा ताप म्हणतात त्याला तिथं. फिटरांच्या खोल्यांतले लोक लांबून पाणी ठेवून जायला लागले. शेठ नैरोबीला गेला होता. वास्वानं त्याला पाठीवर घेतलं आणि आपल्या झोपडीत नेलं. नालोंगो रोज जेवताना एका पानावर काटोचा घास वेगळा काढून ठेवायची. पोर जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती तरी काढायची, शेजारणी हसायच्या तरी काढायची. तोच घास तिनं छगनला भरवला, आणि तो जगला तशी ती वेगळं पान मांडायची थांबली.

"मी मरी जातू," छगन म्हणाला. "सांगं नही, कारन तू आठे रडती. तिनी मेलेला पोऱ्याना घास माले दिधा. आनि तू आठे, मी मेला का जित्ता ठाऊक नसताना मन्ही मूठ घालनी. मी कोनी मूठ खाई जगनू, माले काय ठाऊक."

तापीबाई ऐकत होती. ती बाई तिच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदाच नीट आली. इतके दिवस ती नुसतीच एक काळी, हसणारी, पोरगं पळवणारी बाई होती. आता तिला ते पान दिसलं, आणि पानापुढे बसलेली म्हातारी. आपणही बसलो असतो तशाच, हे तिला कळलं. धुडकूचं ऐकलं असतं आणि मूठ चुकवली असती, तरी मनातून बसलोच असतो. तिला त्या बाईची दया आली, आणि दया आली तरी जळफळाट गेला नाही. उलट आणखी एक प्रश्न वर आला. तो चारचौघांत विचारण्यासारखा नव्हता. पण आता लाज धरून उपयोग नव्हता.

"त्या वास्वानं लगीन व्हयेल शे का?"

छगन गोंधळला. "शे ना. दोन पोऱ्या बी शेत."

"म्हंजे तुन्हा मोठा भाऊनी बायको ती." तापीबाई त्याच्याकडे न बघता टोपल्यातले गहू सारखे करत होती. "तिले काय म्हनस तू?"

"नाव लिसन हाक मारस."

"मोठा भाऊनी बायकोले नाव लिसन? भाबी नही म्हनस?"

"नही."

"कसाले?"

छगननं कान खाजवला. लहानपणी खोटं सांगताना तो असंच करी, पण आता तो खोटं सांगत नव्हता. "एकदाव म्हनाले गऊ," तो म्हणाला. "तोंडमातून निंघनं नही. माय कोनी नव्हती, ती जागा रिकामी व्हती, तठे ती बठनी. भाबी तं आठे व्हती ना."

तापीबाईनं पदरानं नाक पुसलं, मग रंजनाबाईचा हात धरून तिला आपल्याजवळ ओढलं आणि तिच्या हातावर थोपटत राहिली. रंजनाबाईचा फुगवटा अजून गेला नव्हता. तापीबाई तिला म्हणाली की बाई, तुझं खरं आहे आणि माझ्या हातात ते नाही. पण उद्या तुला रोट खाता येणार नाही, तर मीही तुझ्याआधी खाणार नाही, तुझी साधी पोळी खाऊन झाली की मग मी रोटाला हात लावीन. जमनाबाईला ते पटलं नाही. तिनं तसं पुटपुटूनही दाखवलं. पण रंजनाबाई वहिनीच्या खांद्याला टेकून बसली.

मग तापीबाईनं पोत्यात हात घातला. मूठ भरली, वर चिमटीनं आणखी दाणे घालून सव्वा पुरी केली आणि छगनच्या नावानं टोपल्यात सोडली. जमनाबाईनं निःश्वास टाकला. नथ्थू खाली बसला.

तिनं पुन्हा हात घातला.

"कोनी?" जमनाबाईनं विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं. "कानबाई काय म्हनी?"

"कानबाईले मी सांगसू." तापीबाई म्हणाली. "मन्हा पोऱ्याले पाठवर लिसन गया तो. भाऊबंदसमा कोन लई जाई असं, हात वर करा."

कुणीच हात वर केला नाही. धुडकू तंबाखूची डबी शोधू लागला. तापीबाईनं मूठ टोपल्यावर नेली, मोठ्यानं वास्वाचं नाव घेतलं आणि सोडली. छगनचे डोळे भरून आले होते. पण तो फिटर होता, मापात कमी-जास्त त्याला पटकन दिसे.

"भाबी," तो म्हणाला, "वरला सव्वा?"

सव्व्याचे दाणे तापीबाईच्या चिमटीत होते. तिनं ते टोपल्यात टाकले नाहीत, पोत्यातही टाकले नाहीत. पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधून घेतले.

"त्याले तू आठे लई ये," ती म्हणाली. "मन्हासमोर पंगतमा बसू दे. मंग घालसू."